जिरं मागाल आणि किमेन घेऊन याल

परमिट, बँकेचं खातं, मेट्रोचा पास यांबद्दल सांगणारे दहा जण तुम्हाला इथे रोमानियात, बुखारेस्टात भेटतील. मी भाजीपाल्याबद्दल सांगतो, कारण आपला माणूस पहिल्या आठवड्यात आपटतो तो भाजीबाजारात. मीही आपटलो. नऊ वर्षं इथे स्वयंपाकी म्हणून काम करतोय आणि नवीन पोरं तीच चूक जशीच्या तशी करताना बघतोय.

चूक अशी: मनात शब्द मराठी, त्याचं आधी इंग्रजी करायचं, मग फोनवर त्या इंग्रजीचं रोमानियन. झाडापाल्याच्या बाबतीत हा मधला पूल कच्चा आहे. इंग्रजीत 'पेपर' म्हणजे मिरीही आणि ढोबळी मिरचीही. इथे मिरी म्हणजे 'पिपेर' आणि मिरची म्हणजे 'आर्देय'. ढोबळी असेल तर 'आर्देय ग्रास', तिखट हवी तर 'आर्देय यूते'. पिपेर हा शब्द ग्रीक-लॅटिन करत आपल्या पिप्पलीपासूनच आलाय, मग तो लक्षात ठेवायला इंग्रजी कशाला? 'ट्री'चंही तेच. फळझाड असेल तर 'पोम', नाहीतर 'कोपाक'. इंग्रजीत 'प्रून' म्हणजे सुकवलेलं फळ, इथे 'प्रुने' म्हणजे चक्क ताजे आलुबुखारे. त्यांचीच 'त्सुइका' नावाची दारू होते, ती पाण्यासारखी दिसते म्हणून पाण्यासारखी पिऊ नका.

आणि 'प्लांट'. कारखान्यात कामाला आलेला आपल्याकडचा एक मुलगा टॅक्सीवाल्याला 'प्लांट, प्लांट' सांगत बसला. त्याने नेऊन फुलांच्या दुकानापुढे उतरवलं. 'प्लांता' म्हणजे इथे फक्त झाडरोप. कारखान्याला 'उझिना' नाहीतर 'फाब्रिका' म्हणायचं.

आता माझी स्वतःची फजिती, कारण तिचे पैसे मी भरलेत. दुसऱ्या वर्षी एका साखरपुड्याची साठ माणसांची ऑर्डर होती. जिरं संपलं म्हणून सकाळी ओबोरच्या बाजारात गेलो. फोनने 'किमेन' दाखवलं, मी तेच मागितलं, बाईंनी तेच दिलं. दिसायला तपकिरी, वाकडं, शहाजिऱ्यासारखं. त्यात मला सर्दी, नाक बंद. गरम तेलात मूठभर टाकलं आणि वास सगळ्यांना आला, फक्त मलाच नाही. शेजारचा भांडी घासणारा म्हणाला, पावाच्या भट्टीसारखा वास का येतोय? किमेन म्हणजे इथे पावात आणि कोबीत घालतात ते विलायती जिरं. आपलं जिरं म्हणजे 'किमियोन'. दोन पातेली भात आणि डाळीची सगळी फोडणी टाकून द्यावी लागली, मालकाने दोन महिने पगारातून पैसे कापले. वर कटकट अशी की बाजारातल्या जुन्या बायका दोन्ही शब्दांची गल्लत करतात. म्हणून पाकीट असेल तर त्यावर छापलेलं लॅटिन नाव बघा: 'कुमिनुम' हवं, 'कारुम' नको. सुटं असेल तर चार दाणे तळहातावर चोळा आणि हुंगा. सर्दी असेल तर त्या दिवशी जिरं घेऊ नका, हे मी गंमतीने म्हणत नाही.

अशीच दुसरी जोडी 'ओरेझ' आणि 'ओर्झ'. पहिला तांदूळ, दुसरी जव. एका स्वराचा फरक. आमच्या खोलीवर एकदा तीन किलो जव आला आणि महिनाभर आम्ही त्याची खिचडी केली.

कोथिंबीर. बाजारात हिरव्यागार जुड्या दिसतील, जीव हरखेल, पण थांबा. ती 'पत्रुंझेल' म्हणजे पार्सली आहे. पान जवळजवळ तसंच, चव वेगळी, नि आमटीत पडली की घरच्यासारखं काहीच वाटत नाही. 'कोरियांद्रू' विचारा, मोठ्या दुकानात मिळते. जुडीला 'लेगातुरा' म्हणतात, 'ओ लेगातुरा' म्हणजे एक जुडी. अर्धा किलोला 'जुमाताते दे किल'.

पण सगळं परकं आहे असं समजू नका. 'मरार' म्हणजे शेपू. घरी ज्याच्या नावाने नाक मुरडत होतात तो इथे सूपपासून बटाट्यापर्यंत सगळ्यावर भुरभुरलेला दिसेल. 'बामे' म्हणजे भेंडी. आखूड असते, उन्हाळ्यात येते, पण भेंडीच. 'नाउत' म्हणजे छोले, 'लिंते' म्हणजे मसूर. मेथीदाणे 'स्किंदुफ' नावाने शोधा. 'विनेते' म्हणजे वांगी, आणि 'सालाता दे विनेते' म्हणजे जाळावर भाजून, साल काढून, ठेचून, कांदा नि तेल घालून केलेलं वांग्याचं भरीत. मिरची नसते, एवढंच. आमचे काही लोक दोन-दोन वर्षं इथे राहून घरून आलेल्या लोणच्याच्या बरणीवर दिवस काढतात आणि 'इथे खायला काही मिळत नाही' म्हणतात. त्यांनी आधी भरीत खावं, मग बोलावं.

'चाय' हा शब्द ऐकून भुलू नका. उच्चार अगदी आपलाच, पण इथे चाय मागितलात तर बहुतेक वेळा लिंडेनच्या फुलांचा, कॅमोमाइलचा नाहीतर फळांचा काढा येतो. आपला चहा 'चाय नेग्रू'. दुधाचं वेगळं सांगावं लागेल आणि वेटर तुमच्याकडे तसा बघेलही.

माझ्या बाल्कनीत तुळस आहे. पहिल्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंडीवर वाकून दोन पानं चुरगळली, हुंगली आणि म्हणाल्या, 'बुसुयोक?' मग छातीवर क्रूस केला. त्यांचा बुसुयोक म्हणजे आपला सब्जा, तुळशीचाच भाऊबंद. 6 जानेवारीच्या बोबोतेआझा सणाला पाद्री त्याच्या जुडीने घराघरांत पवित्र पाणी शिंपडतात. मी हातवाऱ्यांनी सांगितलं की आमच्याकडे तुळशीला रोज पाणी घालतात. त्यानंतर त्या बाई माझ्याशी हळू आणि स्पष्ट रोमानियन बोलू लागल्या. इथले लोक चटकन हसत नाहीत, पण तुमचा शब्द दुरुस्त करायला कंटाळत नाहीत. बाजारात चुकीचं बोलाच; दुरुस्तही करतात, वर एखादा टोमॅटो जास्तीचा टाकतात.

टोमॅटो म्हणजे 'रोशी'. पण तुम्ही बनातमध्ये, तिमिश्वाराकडे जात असाल तर 'पाराडाइसे' ऐकाल. मका इथे 'पोरुंब', ट्रान्सिल्वेनियात 'कुकुरुझ', मोल्दोवाकडे 'पापुशोय'. कलिंगड इथे 'पेपेने वेर्दे', तिकडे 'हार्बूझ'. गोंधळून जाऊ नका, जिथे राहता तिथलाच शब्द शिका.

'ला पोमुल लाउदात सा नू ते दुच कू साकुल' अशी त्यांची म्हण आहे: ज्या झाडाचं फार कौतुक ऐकलंय तिथे पोतं घेऊन जाऊ नये. आपल्या एजंटांना ही म्हण कुणीतरी मराठीत सांगितली पाहिजे.

फुलं कुणाला द्यायची तर विषम संख्येत. तीन, पाच, सात. सम संख्या मयताला नेतात.

आता एक गोष्ट जी मी ओरडून सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये 'लेउर्दा' नावाची रानलसूण येते, पाला छान, चटणी छान. सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन स्वतः तोडू नका. 'लाक्रामिओआरे' या फुलझाडाची आणि शरदातल्या केशरासारख्या फुलाच्या झाडाची पानं तशीच दिसतात आणि दोन्ही विषारी आहेत. वासाने ओळखेन म्हणाल, तर चार पानं तोडल्यावर बोटांनाच लसणीचा वास लागतो, मग सगळीच पानं लसणीची वाटतात. बाजारातून जुडी घ्या. गडबड झालीच तर 112 या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

आणि खसखस. इथे ती 'माक' नावाने सुटी मिळते, सणासुदीच्या गोड पावात भरतात. घरी जाताना अनारशांसाठी घ्यायचा मोह होईल. दुबईमार्गे जाणार असाल तर एक दाणाही बॅगेत ठेवू नका. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि 'आमच्याकडे अनारशाला लावतात' हे तिथल्या विमानतळावर समजावत बसायची वेळ येऊ नये.