सोलापूरच्या हवेत मॉडेल विमान रंगवताना या चुका टाळा

१/७२ प्रमाणातलं छोटं लढाऊ विमान जोडायला दोन संध्याकाळी पुरतात, आणि त्याच रात्री रंगाची बाटली उघडली जाते. नवशिक्यांची बिघडलेली मॉडेलं समोर ठेवली तर चुका सात-आठच निघतात. त्यातल्या निम्म्या एकाच समजुतीतून येतात: रंग हाताला लागत नाही, म्हणजे तो पक्का झाला. सोलापुरात ही फसगत जास्त होते. इथल्या कोरड्या, गरम हवेत वरचा पापुद्रा दहा मिनिटांत सुकतो आणि आतला थर कच्चाच राहतो.

सुकलेल्या रंगाला पक्का समजणं

हॉकर हंटरचं उदाहरण घ्या. १९५७ साली हवाई दलात आलेलं, १९७१ साली लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे टिपणारं हे विमान नवशिक्यांचं लाडकं आहे. वरच्या बाजूला गडद करडा आणि त्यावर गडद हिरवे पट्टे, म्हणजे टेप लावणं आलंच. सकाळी अकराला करडा मारला, दोनला हाताला कोरडा लागला, म्हणून लगेच स्टेशनरीची पारदर्शक टेप दाबून बसवली, हिरवा मारला आणि पंधरा मिनिटांत टेप सरळ वर ओढली. टेपच्या चिकट बाजूवर अख्ख्या एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) आकार पॅनल लाइनसकट (पत्र्यांच्या जोडांच्या रेघा) उलटा उमटून आला. पंखावर उघडं प्लास्टिक. पाठीवर, जिथे मॉडेल धरलं होतं तिथे, अंगठ्याचा ठसा. वर घाई अशी, की त्याच रात्री ब्रशने जाड करडा थापून खड्डा भरला. आता तिथे कडा दिसते आणि ती कायमची दिसत राहणार.

इथे एकाच वेळी चार गोष्टी चुकल्या. किट धुतलं नव्हतं, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नव्हता, टेप चुकीची होती आणि रंग कच्चा होता. यातली एक जरी टाळली असती तरी नुकसान निम्मं झालं असतं.

साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य प्लास्टिकवर राहू शकतं. भाग फ्रेमवर असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ टूथब्रशने घासा. शेवटचं पाणी मात्र नळाचं नको, बोअरचं तर नकोच. क्षार पॅनल लाइनमध्ये पांढरे बसतात आणि प्रायमरखाली जाडसर कण बनून राहतात. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या; एक बाटली चार-पाच किटांना पुरते. बाटलीवरचं नाव नीट वाचून घ्या, त्याच दुकानात अ‍ॅसिडही असतं.

मग प्रायमरचा पातळ थर आणि २४ तास विश्रांती. टॅमिया कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक रंगावर टेप लावायची असेल तर पुन्हा २४ तास. एनॅमलला दोन ते तीन दिवस, चकचकीत एनॅमलला आठवडासुद्धा. खात्री करायची तर मॉडेल नाकाशी न्या. टॅमिया किंवा एनॅमलचा वास येत असेल तर आतून द्रावक अजून निघतंय, हात लावू नका. व्हॅलेहो कंपनीच्या रंगाला वास जवळजवळ नसतो, तिथे घड्याळच पाहावं लागतं. व्हिडिओत करड्यानंतर लगेच हिरवा येतो, कारण मधली रात्र कापलेली असते. केसांचा ड्रायर लावून ही रात्र वाचवता येत नाही. वरचा पापुद्रा आणखी लवकर बंद होतो आणि पातळ भाग वाकतात. गच्चीवर उन्हात ठेवणं किंवा पत्र्याच्या खोलीत सोडणं, त्याचाही परिणाम तोच.

टेप मॉडेलसाठी बनलेलीच वापरा. तीही आधी एकदा काचेवर चिकटवून काढा म्हणजे चिकटपणा उतरतो. कडेवर आधी खालचाच रंग, इथे करडा, हलका फवारा म्हणजे फट असेल तर तिच्यात करडाच शिरेल. मग हिरवा. हिरवा हाताला सुकला की टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा.

निघालेल्या रंगावर उपाय एकच. कडा १००० च्या पॉलिश पेपरने ओल्याने उतरवा, मग २००० ने, नख फिरवल्यावर पायरी लागेनाशी होईपर्यंत. धुवा, तेवढ्याच जागी प्रायमर, २४ तास, मग रंग. दोन दिवस जातात. थापून भरलेला रंग कधीच लपत नाही.

भर दुपारी एअरब्रश

पारा ४० च्या वर असताना दुपारी एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) फवारलं की थेंब नोझलमधून निघतो, पण पंखापर्यंत पोचायच्या आत त्यातलं थिनर उडून जातं. पंखावर पडते ती रंगाची कोरडी पूड. बोट फिरवा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागेल. सगळ्यात वाईट हे दिसतं पंख आणि धड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, कारण हवा तिथे आपटून फिरते आणि सुकलेली पूड पुन्हा तिथेच बसते. यावर लोक दाब वाढवतात. दाब वाढला की थेंब आणखी बारीक होतो आणि आणखी लवकर सुकतो.

उन्हाळ्यात रंगवायचं तर सकाळी नऊच्या आत उरका. खोली गार हवी म्हणून कूलर आधी तासभर चालवा आणि फवारणी सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटं बंद करा. चालू कूलर खोलीत ओलावा आणि धूळ दोन्ही आणतो. पंखाही बंद. टॅमियाच्या एक्सएफ (मॅट) रंगांसाठी १० थेंब रंग, १२ थेंब एक्स-२०ए थिनर आणि १ थेंब रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य). रिटार्डर रंगाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नका, नाहीतर थर कित्येक दिवस चिकट राहतो. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला १५ ते १८ पीएसआय दाब पुरे, अंतर ८ सेंटिमीटर. फवारताना रंग पृष्ठभागावर क्षणभर ओला चमकला पाहिजे आणि मग मॅट झाला पाहिजे. चमक दिसलीच नाही तर जवळ या किंवा आणखी पातळ करा. हे सगळं आधी किटमधल्या न वापरलेल्या बॉम्बवर किंवा तेलाच्या टाकीवर करून पाहा.

खरखरीत थर आलाच तर रात्रभर ठेवा, २००० च्या पेपरने ओल्याने हलकं घासा, पुसा, पुन्हा पातळ थर द्या. त्याच दिवशी वर जाड थर मारून खरखर दाबायला जाऊ नका, पॅनल लाइन बुजतात.

पावसाळ्यात उलटा त्रास. सप्टेंबरच्या ओल्या संध्याकाळी चकचकीत लॅकर मारला तर तो पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ तिथे धरते. कोरड्या दिवशी हळू उडणाऱ्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर बहुतेक वेळा साफ होतं. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली नसेल तर पावसाळ्यात एअरब्रश लावूच नका. सोलापुरात रंगवण्याचा खरा हंगाम जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून होळीपर्यंत. मोठं, अवघड काम त्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा.

टॉवेल आणि तंतू

आपल्या घरात टॉवेल आणि चादरी मुबलक, त्यामुळे टेबलावर चादर आणि पुसायला टॉवेल हे आपोआप होतं. टर्किश टॉवेलचा एक तंतू १/७२ मध्ये दोरखंडाएवढा दिसतो. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाजवळ राहत असाल तर हवेतच तंतू असतात. टेबलावर जुनं वर्तमानपत्र किंचित ओलं करून पसरा, मॉडेल मायक्रोफायबरने पुसा, आणि रंगवून झालं की त्याच क्षणी प्लास्टिकचा स्वच्छ डबा उलटा झाका, खाली काडेपेटी लावून थोडी फट ठेवून. तंतू बसलाच तर ओल्या रंगात चिमटा घालू नका. सुकू द्या, मग घासून काढा.

एनसी थिनर

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचं थिनर, रंगाच्या दुकानात लिटरने स्वस्त मिळतं म्हणून ते मॉडेलच्या रंगात ओतू नका. त्यातली द्रावकं पॉलिस्टायरिन विरघळवतात. ब्रशने लावलं तर पॅनल लाइन वितळून चिकट तार सुटते, आणि ते पुन्हा नीट होत नाही. एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ते चालतं, पण रबरी रिंगा त्यात भिजत ठेवू नका, फुगतात. व्हॅलेहोमध्ये टॅमियाचं थिनर घातलं तर रंगाच्या गुठळ्या होतात. ज्या कंपनीचा रंग त्याच कंपनीचं थिनर, नवशिक्याने एवढंच पाळावं.

मॅट रंगावर डिकल

हवाई दलाच्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या गोलाचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) पंखावर बसवलं आणि त्याच्याभोवती चंदेरी कडं उमटलं, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. डिकल जुनं किंवा खराब होतं असं नेहमी वाटतं. खरं कारण बहुधा खालचा मॅट रंग. तो सूक्ष्म खड्ड्यांचा असतो, डिकलच्या पारदर्शक पापुद्र्याखाली त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि प्रकाश परतवते. म्हणून डिकलच्या आधी चकचकीत क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन पातळ थर आणि एक पूर्ण दिवस.

डिकल कोमट डिस्टिल्ड पाण्यात २० सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर टिश्यूवर ठेवा, सुटतं तेव्हा सुटू द्या. जागेवर आधी सेटर (डिकल चिकटायला मदत करणारं द्रव), त्यावर डिकल सरकवा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढा. मग सॉफ्टर (डिकल मऊ करणारं द्रव). सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुततं. इथे घाबरून बोट लावलं की फाटतं. अर्धा तास लांब जा, सुरकुती आपोआप पॅनल लाइनमध्ये बसते. चंदेरीपणा उरलाच तर सुईने पाच-सहा टोचे देऊन पुन्हा सॉफ्टर. शेवटी मॅट क्लिअर, पण २४ तासांनी.

आणखी काही

फेव्हिक्विकसारख्या ग्लूने कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) चिकटवू नका, वाफेने काच आतून पांढरी होते. पांढरं फेव्हिकॉल वापरा, सुकल्यावर पारदर्शक होतं.

बाटली हलवून भागत नाही, तळाशी बसलेला रंग काडीने दोन मिनिटं ढवळा.

पिवळा आणि लाल काळ्या प्रायमरवर देऊ नका, पाच थरांनीही झाकत नाहीत.

ब्रशने रंगवणार असाल तर टॅमियापेक्षा व्हॅलेहो घ्या. टॅमियाचा दुसरा थर पहिल्याला विरघळवून ओढतो. दुधासारखा पातळ, तीन थर, प्रत्येकामध्ये किमान अर्धा तास.

पहिलंच मॉडेल चंदेरी धातूच्या रंगाचं नको. १९६३ ते २६ सप्टेंबर २०२५ इतकी वर्षं हवाई दलात राहिलेलं मिग-२१ सगळ्यांनाच हवं असतं, पण चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा आणि तंतू दाखवतो. शेवटच्या काळातलं करडं मिग-२१ बायसन आधी करा.

लॅकर फवारताना कापडी मास्क उपयोगाचा नाही, वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा लागतो. खिडकी उघडी हवी, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नसावा.

कॅनॉपीवरची टेप सगळ्यात शेवटी, मॅट क्लिअर पूर्ण पक्का झाल्यावर काढा. लाकडी टूथपिकने कोपरा उचला. ब्लेडने उचलला तर काचेवर रेघ जाते.