वर्गातला मोबाइल: शिक्षकांनो, या चुका टाळा

मधल्या सुट्टीनंतरचा नववीचा तास. शेवटच्या बाकावर एकाची मान खाली, चेहऱ्यावर निळसर उजेड. बाई शिकवणं सोडून तरातरा मागे जातात, मोबाइल हिसकावतात आणि 'उद्या वडिलांना घेऊन ये' सुरू होतं. मोबाइल बघत होता एकटा, तास बुडाला अख्ख्या वर्गाचा. ही सगळ्यांत महागडी चूक. शिकवता शिकवताच त्याच्या बाकापाशी जा, हात पुढे करा. फोन मिळतो. बोलणं तास संपल्यावर, वर्गासमोर नाही.

'सायलेंट करून दप्तरात ठेवा' यानेही भागत नाही. व्हायब्रेशनने लाकडी बाक गुरगुरतो आणि आजूबाजूच्या तिघांचं लक्ष दप्तराकडे. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालानुसार उडालेलं लक्ष पुन्हा अभ्यासावर यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. आपला तास जेमतेम ३५ मिनिटांचा! फोन बंद आणि वर्गाबाहेरच हवा.

जमा करतानाही घोळ होतात. आम्ही आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात फोन एकावर एक टाकायचो. एकाची काच तडकली आणि पालकांपुढे आमची बोलती बंद. मग हजेरी क्रमांक घातलेला कापडी खिशांचा पडदा शिवून घेतला. तरी एक पठ्ठ्या रोज घरातलं बॅटरी नसलेलं जुनं डबडं इमानेइतबारे जमा करत होता, खरा फोन मोज्यात! तेव्हापासून फोन आधी सुरू करून दाखवायचा, मग बंद करून खिशात.

काही चुका मात्र निव्वळ आपल्या. लॉकडाऊनमध्ये गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर देणं भागच होतं, पण ती सवय अजून सुटत नाही. गृहपाठ फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, वहीत उतरवून घ्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दाखवायचाय? एकाच फोनवरून, प्रोजेक्टरवर. आणि 'माहिती तातडीने पाठवा' हा मेसेज कितीही तातडीचा असला तरी तास चालू असताना आपणही फोन उघडायचा नाही. मुलं बघत असतात.

सरसकट 'फोन आणूच नका' हेही चालत नाही. लांबच्या गावाहून येणाऱ्या मुलीची एसटी चुकली तर तिने घरी कळवायचं कसं? निदान ऑफिसातला फोन मुलांना मागता येईल असा ठेवा. जप्त केलेला फोनही शाळा सुटताना परत द्या, पालक येईपर्यंत आठवडाभर कपाटात डांबू नका.