डिप्रेशनमध्ये काय खायचं, कसं राहायचं: आधी जेवणाची वेळ, मग जेवण

ज्याला डिप्रेशन आहे त्याला "काय खाशील" असं विचारू नका, कारण त्याचं खरं उत्तर "काहीच नको" हेच असतं. हे मी माझ्यावरून सांगते. बाबा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात माझं सगळं बसलं. सकाळी दहाला उठायचं, दुपारी चार वाजता चहात बिस्किटं बुडवून खायची, रात्री बाराला मॅगी, मग तीनपर्यंत मोबाईल. शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, "जेवली का वं?" मी हो म्हणायचे. एकदा आत येऊन त्यांनी ओट्यावरची कोरडी भांडी बघितली आणि म्हणाल्या, "काहून खोटं बोलतं माय?" तिथून पुढे वर्षभर मी जे जे करून पाहिलं, आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं, ते सगळं इथे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. दोन आठवड्यांच्या वर रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर घरगुती उपाय करत थांबू नका, डॉक्टरकडे जा. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे, सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे जायला लाजायचं काही कारण नाही. आणि मरून जावं असे विचार येत असतील तर आत्ताच 14416 वर फोन लावा, ही सरकारची टेली-मानस लाईन आहे, फुकट आहे, 24 तास चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर काय बोलावं सुचत नसेल तर "मला खूप वाईट विचार येत आहेत" एवढं एक वाक्य पुरतं, पुढचं ते विचारतात. आणि घरातल्या एका माणसाला सांगा, आज रात्री एकटं झोपू नका.

डॉक्टरकडे गेलात की रक्ताच्या तपासणीबद्दल नक्की विचारा. थायरॉईड, बी-12, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन. थायरॉईड कमी असलं तरी माणूस असाच सुस्त, रडवेला, जड होऊन जातो आणि घरचे म्हणतात आळशी झाली. बी-12 आपल्या शुद्ध शाकाहारी घरांमध्ये बऱ्याचदा कमी निघतं, कारण ते भाजीपाल्यात नसतंच, दूध-दही-अंडी-मटण-मासे यातच असतं, आणि शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून कमी होतं. माझं बी-12 खूप कमी निघालं होतं. ते भरून काढल्यावर अंगातला जडपणा गेला, पण उदासी तेवढ्याने गेली नाही हेही खरं, त्यासाठी गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागलं. गोळी पहिल्या दिवसापासून गुण देत नाही, दोन-चार आठवडे जातात, त्या काळात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने तर मुळीच बंद करू नका.

आता घड्याळ. मला आता असं वाटतं की या आजारात पहिले मोडतात त्या वेळा, त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची. काय खायचं ते नंतर बघू, पहिले पंधरा दिवस फक्त ठरल्या वेळी खायचं. मी सकाळी 8, दुपारी 1, रात्री 8 अशा वेळा ठेवल्या होत्या, मोबाईलमध्ये अलार्म, आणि अलार्म वाजला की भूक असो नसो चार घास. भाकर-वरण नसेल तर दही-पोहे, तेही नसेल तर केळं आणि मूठभर शेंगदाणे. स्वयंपाक होत नसेल तर डबा लावा, त्यात काही कमीपणा नाही.

उठायची वेळ पण एकच. रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी त्याच वेळी उठायचं आणि तासाभराच्या आत बाहेरच्या उजेडात जायचं. डोळ्यावर सकाळचा उजेड पडला की शरीराचं आतलं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोपही वेळेवर येते. मी फुटाळा तलावावर जायचे. म्हणजे पहिल्या आठवड्यात नुसती गेटपर्यंत जाऊन परत यायचे, दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत, आणि महिन्याने फुटाळ्याच्या काठाने एक चक्कर. तिथे सकाळी तलावावर धुकं असतं हिवाळ्यात, आणि म्हातारी माणसं स्वेटर-मफलर घालून जोरजोरात राजकारण बोलत चालत असतात, मला ते ऐकायला बरं वाटायचं कारण माझ्याशी कोणी काही बोलत नसे. चालणं, योगा, वजन उचलणं यांचा डिप्रेशनवर चांगला परिणाम होतो हे 2024 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 218 चाचण्यांच्या मोठ्या आढाव्यातही दिसलं. पण तुम्हाला 218 चाचण्या नकोत, तुम्हाला फक्त चपला पायात घालायच्या आहेत, त्या आदल्या रात्री दाराशी काढून ठेवा.

उन्हाचं एक सांगते कारण लोक यात गोंधळतात. सकाळचा कोवळा उजेड घड्याळासाठी, पण व्हिटॅमिन डी त्या वेळच्या उन्हात फारसं बनत नाही, त्यासाठी जरा वरचं ऊन लागतं. हिवाळ्यात 11 च्या सुमारास गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं संत्री सोलत बसा. मे महिन्यात मात्र असलं काही करू नका, आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा साडेपाचला चालून सातच्या आत घरी यायचं. तपासणीत डी खूपच कमी निघालं तर डॉक्टर पावडर किंवा गोळी देतात, तीच घ्या.

आता ताट. 2017 साली ऑस्ट्रेलियात 67 लोकांवर एक चाचणी झाली, सगळ्यांना डिप्रेशन होतं आणि बहुतेकांचे उपचार चालूच होते. अर्ध्यांना 12 आठवडे आहारतज्ज्ञाने जेवण बदलायला मदत केली (भाज्या, फळं, डाळी, अख्खं धान्य, दाणे-अक्रोड, मासे, ऑलिव्ह तेल, आणि गोड-तळलेलं-पॅकेटातलं कमी), अर्ध्यांना तेवढाच वेळ नुसती गप्पांची सोबत दिली. शेवटी आहारवाल्यांतले 32 टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, सोबतवाल्यांतले 8 टक्के. चाचणी छोटी आहे, पण मला तिने धीर दिला. आणि ती यादी वाचताना मला वाटलं हे तर आजीच्या घरचं जेवण आहे, फक्त तेल वेगळं. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, चवळी, कांदा, ताक, जवसाची चटणी. भाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणानंतर संत्रं खा, त्यातल्या व्हिटॅमिन सीमुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तर्री पोहे सोडायची गरज नाही, चणे जास्त मागून घ्या आणि तर्री कमी. सावजीचं झणझणीत जेवण महिन्यातून एकदा खाल्ल्याने कोणाचं मन बिघडत नाही.

जवसाचं जरा नीट सांगते. जवसात वनस्पतीतलं ओमेगा-3 असतं. अख्खे जवस गिळले तर पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात, म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे (एक मिनिट जास्त झालं की कडू होतात, समोरून हलायचं नाही), त्यात सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ, आणि मिक्सरमधून जाडसर काढायचं. थोडीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कुटलेले जवस लवकर खवट होतात. रोज एक-दोन चमचे भाकरीवर कच्चं तेल टाकून. पण यातलं ओमेगा-3 शरीर फार थोडं माशातल्यासारखं करून घेतं, म्हणून मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा खा, तळून नाही, रश्श्यात.

"आनंदाचं हार्मोन वाढवणारं केळं" असं फिरत असतं त्याच्या मागे लागू नका. सेरोटोनिन बहुतेक आतड्यातच बनतं हे खरं, पण ते तिथून मेंदूत जात नाही. केळं चांगलंच आहे, ते पोट भरतं म्हणून खा.

खर्रा, म्हणजे पन्नीत घासलेली तंबाखू-सुपारी. नागपुरात यावर बोलल्याशिवाय कसं चालेल. माझा भाऊ बाबांनंतर दिवसाला सहा-सात पन्न्या घासायला लागला होता, म्हणायचा डोकं शांत होतं. शांत होतं ते तलफ भागते म्हणून, तासाभराने परत तीच चिडचिड. सिगारेट सुटल्यावर काही आठवड्यांनी मन आधीपेक्षा बरंच राहतं हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पण डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर खर्रा-सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगून सोडा. दारूही तशीच, रात्री झोप लावते आणि पहाटे तीनला उठवते. चहा दुपारी 3 नंतर बंद.

आता चूर्ण आणि कॅप्सूल. मला एका ओळखीतल्या माणसाने गोळ्या बंद करून त्याच्याकडचं चूर्ण घ्यायला सांगितलं होतं, मी तीन आठवडे ऐकलं आणि परत अंथरुणात गेले. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती आहे, तिचं औषध ऑनलाईन मिळतं, त्याने सौम्य डिप्रेशनमध्ये गुण येतो, पण डिप्रेशनच्या गोळीसोबत घेतलं तर जिवावर बेतू शकतं, आणि गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी करतं. अश्वगंधा थायरॉईडवर परिणाम करते, काही जणांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, गरोदरपणात तर नकोच. केशराच्या छोट्या चाचण्या बऱ्या आल्या आहेत पण भेसळ किती असते तुम्हाला माहीत आहे. काहीही घेत असाल तर डबी उचलून डॉक्टरांना दाखवा.

आणि कोणाला लिथियम (मनाचे चढउतार आवरायची गोळी) चालू असेल तर आपला उन्हाळा त्यांच्यासाठी खास जपायचा. घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तात लिथियम वाढतं. पाणी भरपूर, मीठ अचानक कमी करायचं नाही, आणि हात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात.

घरच्यांसाठी एवढंच. काकूंनी मला कधी समजावलं नाही. एक वाजला की त्या स्वतःचं ताट घेऊन आमच्याकडे यायच्या, दुसरं माझ्यासमोर ठेवायच्या, आणि स्वतः जेवायला लागायच्या. टीव्ही बंद, प्रश्न नाही. पहिले काही दिवस मी भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच हातात धरून बसायचे. मग एक दिवस वरणात बुडवला.