एकाच कंपनीची क्रूझ जहाजं ताडून पाहताना या चुका टाळा

रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात १९९६ चं ‘ग्रँजर ऑफ द सीज’ही आहे आणि २०२५ चं ‘स्टार ऑफ द सीज’ही. यातलं कोणतं घ्यावं हे ठरवताना बहुतेक जण वय, आकार आणि क्लास असे तीन रकाने आखतात. रकाने योग्यच आहेत. गोची होते ती आकडे भरताना, कारण या तिन्ही शब्दांचे प्रत्येकी दोन-तीन अर्थ आहेत. एका जहाजापुढे एका अर्थाचा आकडा आणि दुसऱ्यापुढे दुसऱ्या अर्थाचा, असं झालं की पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

ग्रॉस टनेजला वजन समजणं

‘आयकॉन ऑफ द सीज’चं ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. त्यावरून ‘अडीच लाख टनांचं जहाज’ असं सर्रास लिहिलं जातं. पण ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेली ती एक संख्या आहे आणि तिला एकक नसतं. तिचं सूत्र १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलं आणि १९८२ पासून ते लागू आहे. घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याचा १० च्या पायाचा लॉगरिदम काढून ०.०२ ने गुणायचा, त्यात ०.२ मिळवायचे आणि येईल त्या गुणकाने घनफळाला गुणायचं. १ लाख घनमीटरला गुणक ०.३० येतो आणि टनेज ३०,०००. २ लाख घनमीटरला गुणक ०.३०६ च्या आसपास जातो आणि टनेज सुमारे ६१,२००. म्हणजे घनफळ दुप्पट झालं की टनेज दुपटीहून किंचित जास्त वाढतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. युद्धनौकांचा आकार विस्थापनात, म्हणजे खरोखरच्या वजनात सांगतात, त्यामुळे विमानवाहू नौकेचा आकडा क्रूझ जहाजाच्या टनेजशेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. आणि उघड्या डेकची जागा टनेजमध्ये धरली जात नाही, मग ती प्रवाशाला कितीही आवडो. इंजिनरूम, कोठारं आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या मात्र धरल्या जातात.

प्रवासी क्षमतेचे दोन आकडे एकमेकांत मिसळणं

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. प्रत्येक क्रूझ जहाजाच्या क्षमतेचे दोन आकडे असतात: दर केबिनमध्ये दोघे धरून येणारा आणि भिंतीतले, सोफ्याचे असे सगळे जादा बेड भरले की येणारा कमाल आकडा. आयकॉनसाठी हे आकडे ५,६१० आणि ७,६०० आहेत. माणशी जागा काढायला टनेजला क्षमतेने भागतात. पहिल्या आकड्याने भागलं तर सुमारे ४४ येतात, दुसऱ्याने जेमतेम ३३. जहाज तेच आहे, पण एका उत्तराने ते ऐसपैस ठरतं आणि दुसऱ्याने दाटीवाटीचं.

म्हणून तक्त्यात सगळीकडे दोघांच्या हिशेबाचाच आकडा घ्या. मग चित्र स्पष्ट दिसतं. ग्रँजरचं टनेज ७३,८१७ आणि क्षमता १,९९२, म्हणजे माणशी सुमारे ३७. २००१ च्या ‘रेडियन्स ऑफ द सीज’चं टनेज ९०,०९० आणि क्षमता सुमारे २,१४०, म्हणजे ४२. आयकॉन रेडियन्सच्या पावणेतीनपट मोठं आहे, तरी माणशी जागेत दोघांमध्ये फारसं अंतर नाही. ‘मोठं जहाज म्हणजे मोकळं’ आणि ‘मोठं जहाज म्हणजे गर्दी’ ही दोन्ही वाक्यं अशा तक्त्यापुढे टिकत नाहीत.

शाळेच्या सुट्ट्यांत प्रवास असेल तर कमाल आकडाही शेजारी लिहून ठेवा. त्या दिवसांत तिसरा-चौथा बेड भरतो आणि जहाज कमाल आकड्याकडे सरकतं. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असलेलं जहाज कुटुंबांसाठी बांधलेलं आहे असं खुशाल समजा.

प्रवासी आणि कर्मचारी यांचं प्रमाण काढतानाही पाया हाच ठेवा. आयकॉनवर सुमारे २,३५० कर्मचारी असतात, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे साधारण २.४ प्रवासी. दुसऱ्या जहाजाचं प्रमाण कमाल क्षमतेवरून काढलं असेल तर ते आपोआप वाईट दिसणार.

एका क्लासची जहाजं हुबेहूब असतात असं धरणं

आधी शब्दाचा घोळ सोडवू. तुलनेत ‘क्लास’ म्हणजे एकाच मूळ आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट. केबिनचा दर्जा वेगळा. आणि जहाजाच्या कागदपत्रांत ‘क्लास’ लिहिलेलं असेल तर तो तिसराच अर्थ: डीएनव्ही, लॉइड्स रजिस्टर, रिना यांसारख्या वर्गीकरण संस्था जहाजाची बांधणी आणि डागडुजी तपासून देतात तो दाखला.

आता गटाकडे येऊ. रॉयल कॅरिबियनच्या व्हिजन क्लासमध्ये सहा जहाजं होती, सगळी १९९५ ते १९९८ मधली. त्यांतलं पहिलं ‘लेजंड ऑफ द सीज’ २६४ मीटर लांब, तर ग्रँजर २७९ मीटर. ‘एन्चांटमेंट ऑफ द सीज’ १९९७ मध्ये आलं तेव्हा ग्रँजरएवढंच होतं. २००५ मध्ये ते मधोमध कापून २२ मीटरचा नवा तुकडा जोडला गेला आणि लांबी ३०१ मीटरवर गेली. नुसतं ‘व्हिजन क्लास’ लिहिलं की यांतलं कोणतं म्हणायचंय ते कळतच नाही.

ओअॅसिस क्लासमधला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण महत्त्वाचा आहे. १ जुलै २०१० रोजी किंवा त्यानंतर कील (तळाचा कणा, इथून बांधणी सुरू होते) ठेवलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना ‘सुखरूप बंदरात परत’ हा नियम लागतो. ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी जहाजाने स्वतःच्या इंजिनांवर बंदर गाठलं पाहिजे आणि तोवर प्रवाशांना सुरक्षित भागात पाणी, अन्न, उजेड, शौचालय मिळालं पाहिजे. ‘ओअॅसिस’ (२००९) आणि ‘अल्यूर’ (२०१०) यांच्या कील त्याआधीच्या, तर ‘हार्मनी’ (२०१६) आणि पुढची जहाजं त्यानंतरची. क्लास एक, पण बांधणीचे नियम दोन. अशी तारीख ओलांडणारा क्लास दिसला की वर्षं जरूर तपासावीत.

सोयींचंही तसंच. हार्मनी पाण्याच्या घसरगुंड्या घेऊनच उतरलं, ओअॅसिसवर त्या २०१९ च्या नूतनीकरणात आल्या. क्वांटम क्लासमधल्या ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘ओडिसी’ या शेवटच्या दोघांना कंपनी ‘क्वांटम अल्ट्रा’ म्हणून वेगळं काढते. तरी क्लास हा रकाना गाळू नये. केबिनची मापं, डेकची रचना, नाट्यगृह कुठे, जेवणघर कुठे, या बाबतीत क्लासइतका भरवशाचा दुसरा सुगावा नाही.

वयाचा एकच आकडा लिहिणं

जहाजाच्या जन्माच्या तारखा अनेक: कील ठेवली तो दिवस, पाण्यात उतरवलं तो, कंपनीच्या ताब्यात आलं तो आणि पहिल्या फेरीचा. आयकॉन नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या फेरीवर निघालं, म्हणून एका यादीत २०२३ दिसतं आणि दुसरीत २०२४. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीचं ‘मार्डी ग्रा’ डिसेंबर २०२० मध्ये मिळालं, पण महासाथीमुळे प्रवासी चढले ते थेट जुलै २०२१ मध्ये. सगळ्यांसाठी ताब्यात आल्याचं वर्ष धरलं की वाद मिटतो. नियमांचा प्रश्न असेल तेवढ्यापुरतं कीलचं वर्ष पाहावं.

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवाच: शेवटचं मोठं नूतनीकरण. हे काम ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं ठेवता येतं अशा गोदीत होतं. प्रवासी जहाज तळाच्या तपासणीसाठी पाच वर्षांत साधारण दोनदा तिथे जातंच, पण प्रत्येक खेपेला आतलं काम निघतं असं नाही. कधी नुसता रंग, प्रोपेलर आणि गालिचे उरकून जहाज बाहेर पडतं. म्हणून ‘२०२३ मध्ये ड्राय डॉक’ एवढं वाचून समाधान मानू नका. केबिनना हात लागला का, ते पाहा.

नूतनीकरणाने गाद्या, फर्निचर, उपाहारगृहं, घसरगुंड्या बदलतात. लोखंडी सांगाडा बदलत नाही. म्हणून केबिनची रुंदी, छताची उंची, लिफ्टची संख्या जवळपास जुनीच राहते आणि बाल्कन्याही फारशा वाढत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या जहाजांत बाल्कनीच्या केबिन मुळातच कमी, सॉकेट मोजके आणि न्हाणीघरात बहुधा दाराऐवजी पडदा. यांतल्या कशाने प्रवास बिघडत नाही, पण काय मिळणार ते आधी ठाऊक असावं.

उलट, नूतनीकरणात केबिन वाढवल्या तर माणशी जागा घटते. ‘कार्निव्हल डेस्टिनी’ १९९६ मध्ये आलं, एक लाख टनेज ओलांडणारं पहिलं प्रवासी जहाज. १,०१,३५३ टनेज आणि २,६४२ प्रवासी, म्हणजे माणशी ३८. २०१३ मध्ये ते आतून-बाहेरून बदलून ‘कार्निव्हल सनशाइन’ झालं. क्षमता ३,००० च्या आसपास गेली आणि माणशी जागा ३४ वर आली.

नावावर विसंबणं

सनशाइन एकटं नाही. ‘ट्रायम्फ’ (१९९९) आता ‘सनराइज’ आहे आणि ‘व्हिक्टरी’ (२०००) आता ‘कार्निव्हल रेडियन्स’. क्लासचंही नाव सोबत बदलून सनशाइन क्लास झालं. या रेडियन्सचा रॉयल कॅरिबियनच्या रेडियन्स क्लासशी काडीचाही संबंध नाही, शोधताना मात्र दोन्ही एकत्रच समोर येतात. १९९५ चं ‘लेजंड ऑफ द सीज’ २०१७ मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी २’ झालं, आणि आयकॉन क्लासच्या तिसऱ्या जहाजाला पुन्हा ‘लेजंड ऑफ द सीज’ हेच नाव मिळालं. जुनी छायाचित्रं आणि जुने अभिप्राय नव्या जहाजाला चिकटतात ते असे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. सात आकड्यांचा हा क्रमांक जहाजाला जन्मभर एकच राहतो. नाव, मालक, झेंडा काहीही बदलो. तो पटकन तपासताही येतो. ओअॅसिसचा क्रमांक ९३८३९३६. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा: ६३, १८, ४०, १२, २७, ६. बेरीज १६६. तिचा शेवटचा आकडा ६, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही ६. जुळलं नाही तर क्रमांक उतरवताना चूक झाली आहे. तक्त्याचा पहिला रकाना याच क्रमांकाचा ठेवावा, नाव दुसऱ्या रकान्यात.

लांबी-रुंदी अर्धवट वाचणं

ओअॅसिसची पाण्याच्या रेषेवरची रुंदी ४७ मीटर आहे, वरच्या डेकवर मोजली तर ६० मीटरहून जास्त. कुठे मोजली हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावरून तुलना करू नये. डेक मोजतानाही जपा. काही कंपन्या १३ हा क्रमांक गाळतात, त्यामुळे सर्वांत वरच्या डेकचा क्रमांक म्हणजे एकूण डेक असं नसतं.

आकाराचा खरा परिणाम बंदरांवर होतो. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून (जहाज वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांतून) २९४ मीटर लांब आणि ३२.३ मीटर रुंद एवढंच जहाज जातं. २९३ मीटरचा रेडियन्स क्लास त्यात अगदी बेताने बसतो. २०१६ मध्ये मोठे लॉक खुले झाले, तरी वाटेतल्या पुलाच्या उंचीची अडचण उरतेच. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० हून जास्त टनेजच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. वरच्या तक्त्यातलं सगळ्यांत लहान जहाजही त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट भरतं.

आकडे जुळत नसतील तर

एकाच जहाजाचं टनेज दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर बहुधा एक आकडा नूतनीकरणापूर्वीचा असतो; नवी बंदिस्त जागा वाढली की टनेज पुन्हा मोजतात. क्षमता थोडी वेगळी असेल तर कारण तेच, केबिन वाढल्या. फरक चौथा-तिसरा हिस्सा इतका मोठा असेल तर एकाने दोघांचा हिशेब धरलाय आणि दुसऱ्याने कमाल. वर्षात एकाचा फरक असेल तर ताबा आणि पहिली फेरी. वीसेक वर्षांचा असेल तर नाव बदललंय, किंवा नूतनीकरणाच्या वर्षालाच कुणी बांधणीचं वर्ष म्हटलंय.

शेवटी डेकचा नकाशा. केबिन निवडताना त्यावरची तारीख शेवटच्या ड्राय डॉकनंतरची आहे ना, ते पाहा. जुन्या नकाशात जिथे शांत बैठकखोली दिसते, तिथे नव्या रचनेत आणखी केबिन किंवा क्लब असू शकतो, आणि तुमची केबिन नेमकी त्याच्या खाली.