जाड बॉसला चिल लावा, पण आधी कोरडा करून
एलएम २५ (सिलिकॉन असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) वाळूच्या साच्यात ओतताय आणि जाड बॉसमधला, म्हणजे कास्टिंगच्या जाड उंचवट्यातला, टेस्ट पीस फार न ताणता पटकन तुटतोय, तर लगेच केमिस्ट्रीला दोष देऊ नका, तो भाग थिजायला किती वेळ घेतो ते बघा. हळू थिजलं की डेंड्राइटच्या, म्हणजे फर्नच्या पानासारख्या वाढणाऱ्या क्रिस्टलच्या, फांद्या एकमेकींपासून लांब लांब पडतात आणि मधे जाडसर सिलिकॉन साठतं, बारीक भोकंही तिथेच. मग साच्यात त्या जागी बिडाचा चिल, म्हणजे उष्णता पटकन ओढून घेणारा तुकडा, बसवा, चांगला जाड, कारण फांद्यांमधलं अंतर निम्मं करायचं तर थिजायचा वेळ साधारण एक अष्टमांशावर आणावा लागतो, पातळ पट्टीने काय होणार (आम्ही करून बघितलंय!). गंज घासून चिल तापवून घ्या, नाहीतर ओलीमुळे गॅसची भोकं वेगळीच. आणि हीट ट्रीटमेंटच्या भरवशावर राहू नका, तिने सिलिकॉन गोल होतं, फांद्यांचं अंतर आहे तेवढंच राहतं.