साताऱ्यात राहून रापा नुई भाषेचा अभ्यास कसा सुरू करावा

चिलीच्या ताब्यातील ईस्टर बेटावरील रापा नुई ही पॉलिनेशियन भाषा दहा व्यंजनांची आणि पाच स्वरांची आहे. स्वर ऱ्हस्व किंवा दीर्घ असतात, जोडाक्षरे नसतात आणि प्रत्येक अक्षर स्वरानेच संपते. ऱ्हस्व 'आ' मराठी 'अ'सारखा म्हणू नये, तो तोकडा 'आ'च ठेवावा.

खरी मेहनत दोन व्यंजनांवर घ्यावी. नकार देताना आपण 'अं-अं' म्हणतो तेव्हा मध्ये घशात श्वास क्षणभर अडतो; ती अडवणूक येथे स्वतंत्र व्यंजन आहे. दुसरे 'ङ', जे मराठीत शब्दारंभी कधीच येत नाही. 'गंगा' म्हणताना दुसऱ्या 'ग'च्या आधी थांबून तोच आवाज लांबवावा आणि मग 'ङा पोकी', म्हणजे 'मुले', हे म्हणून पाहावे.

व्याकरणात मात्र मराठी माणसाला मोठाच आधार आहे. 'आपण अजिंक्यताऱ्यावर जाऊ' आणि 'आम्ही अजिंक्यताऱ्यावर जाऊ' यांत ऐकणारा सोबत आहे की नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. तोच भेद 'तातोउ' आणि 'मातोउ' यांत आहे. दोघांसाठी 'ताउआ', 'माउआ' ही वेगळी रूपे आहेत. आदरार्थी 'आपण' येथे आणू नये.

वाक्यात क्रियापद सहसा आधी येते, हे सवयीने जमते. 'माझा' मात्र दोन प्रकारचा आहे, अपत्यासाठी एक आणि आईवडील किंवा घर यांसाठी दुसरा. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या 'माझा'सह वहीत लिहावे.