क्लबसाठी दोन आसनी प्रशिक्षण ग्लायडर निवडताना

ग्लायडिंग क्लबच्या बैठकीत नव्या दोन आसनी ग्लायडरचा विषय निघाला, की चर्चा बहुधा ग्लाइड रेशोवर, म्हणजे ठरावीक उंची गमावताना ग्लायडर किती अंतर कापतो या गुणोत्तरावर, येते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा आकडा दुय्यम आहे. विंचच्या (जमिनीवरून दोर ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने उडणारा नवशिका काही मिनिटांतच धावपट्टीवर परततो. त्यामुळे ग्लायडरचा कस लागतो तो दिवसभर होणाऱ्या आणि पुष्कळदा आदळत होणाऱ्या लँडिंगमध्ये. म्हणून चाके, त्यांच्याजवळची रचना आणि सुट्या भागांची उपलब्धता यांकडे आधी पाहावे.

त्यानंतर वजनाचा हिशेब करावा. १९७९ मध्ये प्रथम उडालेल्या जर्मन बनावटीच्या एएसके २१ चे उदाहरण घेऊ. त्याचे रिकामे वजन साधारण ३६० किलो आणि कमाल वजन ६०० किलो असते. पुढच्या आसनावर पॅराशूटसह किमान ७० किलो भार लागतो, तर प्रत्येक आसनाची कमाल मर्यादा ११० किलो आहे. किरकोळ अंगाच्या विद्यार्थ्यासाठी पुढे जादा वजने बसवावी लागतात. दुरुस्ती आणि रंगकामामुळे रिकामे वजन वाढत जाते, म्हणून माहितीपत्रकावर न विसंबता त्याच ग्लायडरचा ताजा वजन-अहवाल मागावा आणि क्लबमधील सर्वांत वजनदार प्रशिक्षक व विद्यार्थी एकत्र बसू शकतील का, हे त्यावरून ताडून पाहावे.

मागच्या आसनावर प्रशिक्षकाने स्वतः बसून पाहिलेच पाहिजे. तेथून धावपट्टी नीट दिसते का आणि पट्टे घट्ट बांधलेले असतानाही एअरब्रेक (खाली उतरण्याचा वेग वाढवणाऱ्या पट्ट्या), ट्रिम (दांड्यावरचा ताण कमी करणारे नियंत्रण) व दोर सोडण्याची मूठ हाताशी येते का, हे कागदावर कळत नाही. विंच वापरणाऱ्या क्लबने पोटाखालचा हुक आहे याची खात्री करावी. विमानामागून टो घेणार (दोराने ओढून नेले जाणार) असल्यास नाकाचा हुक अधिक सोयीचा ठरतो.

स्पिनबाबत, म्हणजे वेग गमावून गिरक्या घेत खाली येण्याबाबत, मतभेद आहेत. एएसके २१ सहसा स्पिनमध्ये जातच नाही. पोलंडचा पुचाच मात्र सहज जातो, म्हणून स्पिन शिकवण्यासाठी अनेक प्रशिक्षक त्याला पसंती देतात. क्लबला एकच ग्लायडर परवडणार असेल तर माझा कौल एएसके २१ ला राहील, कारण शेपटीला उत्पादकाने मान्य केलेली वजने लावून त्यातही स्पिनचा सराव करता येतो.

जुना ग्लायडर स्वस्तात मिळत असल्यास लॉगबुक, उड्डाणाचे तास आणि लागू असलेले सक्तीचे तांत्रिक आदेश तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एल-१३ ब्लानिक या ग्लायडरचा पंख हवेतच तुटला आणि त्यानंतर जगभरातील असे ग्लायडर जमिनीवर अडकून पडले. हँगरचा खर्चही किमतीत धरावा. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे, फायबरग्लासचा ग्लायडर पावसाळाभर उघड्यावर ठेवणे परवडणारे नाही.